पांढऱ्या पाण्याचा साका

"दादांची पोरगी पाणीच थंड करायला शिकते नं? मग तिलाच हाक मारा की."

पॅकिंगच्या मावशी हे म्हणाल्या तेव्हा मी गाळ्याच्या दाराशी चप्पल काढत होते. त्यांची माझ्याकडे पाठ होती. आत एकदोघं हसले. मशिनी चालू असताना हसणं अर्धंच ऐकू येतं, त्यामुळे ते चांगलं होतं की वाईट ते मला कळलं नाही. मी चप्पल परत घातली, बाहेर पायरीवर जरा वेळ थांबले, आणि मग आत्ताच आल्यासारखा आवाज करत आत गेले. हातात बाबांचा घरी विसरलेला डबा होता.

बाबा हसत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते, आणि तसं बघणं मी आधी कधी अनुभवलं नव्हतं. नवीन माल आला की पोतं उघडायच्या आधी ते तसे बघतात.

गाळा भाईंदर पूर्वेला आहे. मी शाळेत जायच्या आधीपासून बाबा तिथे सुपरवायझर आहेत. आजूबाजूच्या गाळ्यांत स्टीलचे डबे बनतात. दिवसभर पॉलिशचा आवाज आणि नाकात बसणारी काळी धूळ. आमच्या गाळ्यात त्या डब्यांची प्लास्टिकची झाकणं निघतात. 'आमच्या' असं बाबा म्हणतात, म्हणून मीही म्हणते. काम समजायला सोपं आहे. प्लास्टिक वितळवून साच्यात दाबायचं, साच्याच्या पोटातून फिरणाऱ्या थंड पाण्याने ते घट्ट होऊ द्यायचं, मग साचा उघडून झाकण काढायचं. पाणी पुरेसं थंड नसलं तर झाकण गरम असतानाच बाहेर येतं आणि टेबलावर पडल्या पडल्या वाकतं. वाकडं झाकण डब्याला बसत नाही. म्हणून साचा जास्त वेळ बंद ठेवावा लागतो, आणि दिवसाचा माल कमी निघतो.

गेल्या ऑक्टोबरात नेमकं हेच चाललं होतं. गाळ्यातला पाणी थंड करणारा चिलर जुना झाला होता आणि बाहेर उन्हाने कहर केला होता. शेठच्या चुलतभावाची वापीला मोठी शेड आहे, नव्या चिलरसकट. दिवाळीपर्यंत माल वाढला नाही तर मशिनी ट्रकवर चढवून वापीला न्यायच्या, असं शेठने ठरवलं होतं. शेठ वाईट माणूस नाही. त्याने बाबांना "तुम्ही पण चला, दादा," म्हटलं होतं. पण तिथे सुपरवायझर आधीच आहे हे बाबांना माहीत होतं, आणि बाबांना माहीत आहे हे शेठलाही माहीत होतं. त्यांच्या वयाच्या माणसाला दुसऱ्या गाळ्यात कोणी उभं करत नाही. मशिनी गेल्या तर मी काय घरातल्या डब्यांची झाकणं लावत बसू, असं ते एकदा आईला म्हणाले होते. बोलण्याला विनोदाची चाल होती. आई हसली नाही.

त्या संध्याकाळी, शांती नगरमधल्या आमच्या घरी, बाबांनी मला पहिल्यांदा माझ्या अभ्यासाबद्दल विचारलं. तोपर्यंत ते दोनच गोष्टी विचारायचे: ओळखपत्र घेतलंस का, आणि परत कधी येणार. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं. आमच्या घरात ते शोकेसमधल्या काचेच्या सेटसारखं होतं. पाहुण्यांना दिसायचं, पण चहा प्यायला कोणी काढायचं नाही.

मी पीएचडी करते. घरात त्याला 'तिचं ते पाण्याचं' म्हणतात, आणि ते काही चूक नाही. पाणी वाहताना उष्णता सोबत नेतं खरं, पण आपल्या आतून तिला पुढे सरकवायला ते आळशी असतं. तांबं, ॲल्युमिनियम, त्यांची ऑक्साइड्स या कामात कितीतरी चपळ. मग पाण्यात त्यांची भुकटी मिसळली तर? साधी भुकटी मिसळली तर ती तळाशी बसते, पाइप घासते, तोटीत अडकते. आता मात्र कण इतके बारीक करता येतात की केसाच्या जाडीत हजारावर कण ओळीने मावतील. इतका बारीक कण लगेच बुडत नाही. पाण्याच्या रेणूंचे धक्के खात तो तरंगत राहतो, आणि अशा पाण्यातून उष्णता थोडी जास्त वेगाने जाते. का जाते, यावर मोठमोठ्या माणसांचं अजून एकमत नाही. कोणी म्हणतं कण सारखे हलतात म्हणून; कोणी म्हणतं त्यांच्या साखळ्या तयार होतात आणि उष्णता एका कणावरून दुसऱ्यावर उतरत जाते म्हणून. मला हे एकमत नसणं आवडतं. वर्गात ज्या प्रश्नाला एकच उत्तर असतं तिथे हात वर करायची मला भीती वाटते.

हे सगळं बाबांना मराठीत सांगायचं म्हणजे मला घाम फुटला. शेवटी मी पंगतीचं उदाहरण दिलं. पंगतीत बसलेल्या माणसांनी मिठाचं तबक हातोहात पुढे द्यायचं तर वेळ लागतो. मध्ये मध्ये वाढपी उभे असले की ते झटकन पोचतं. बाबांना ते फार पटलं. म्हणजे वाढपी वाढवायचे, ते म्हणाले. मी म्हटलं, तेही चालत नाही, कण जास्त झाले की पाणी दाट होतं आणि पंपाला जड जातं. ते म्हणाले, बरोबर आहे, वाढपीच एवढे झाले तर माणसं जेवणार कुठे बसून. आम्ही दोघं हसलो. आईने स्वयंपाकघरातून डोकावून बघितलं, कारण आम्ही दोघं एकाच गोष्टीला हसणं आमच्याकडे रोजचं नव्हतं.

"पण उष्णता जास्त जाते ना?" बाबांनी विचारलं.

"जाते, पण..."

"मग झालं."

त्या 'पण'च्या पुढे बरंच काही होतं. जाते, पण प्रयोगशाळेत. जाते, पण थोडेच टक्के जास्त. जाते, पण पाणी दोन दिवस नुसतं ठेवलं तर कण खाली बसायला लागतात. मी तोंड उघडलं तोवर ते हात धुवायला उठले होते, आणि बेसिनजवळ गुणगुणत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेठचा फोन आला, बाबांच्याच फोनवरून. "बेटा, दादा बोलतात तुझ्याकडे काहीतरी स्पेशल पाणी आहे. मशीनमध्ये टाकलं तर चालेल ना?" मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मलाही सांगता येणार नाही. फोनवर मान दिसत नाही एवढंच मला उशिरा आठवलं. तोवर पलीकडे शेठ बाबांना म्हणत होता, बघा, ती नाही म्हणाली नाही.

माझ्या गाइड मॅडमना मी सगळं सांगितलं. इंग्रजीत मला सांगता येतं. त्या म्हणाल्या, ने थोडं, एका जुन्या मशीनवर लावून बघ, आधीचं आणि नंतरचं मोज, आणि कोणाला कसला शब्द देऊ नकोस. मी म्हटलं, मी दिलेला नाही. ते खरंच होतं.

मग मी गणित करायला बसले. झाकणाची जाडी बाबांना विचारली, साचा किती वेळ बंद असतो ते विचारलं. ते मोठ्या उत्साहाने सांगत होते. मला वाटतं त्या आठवड्यात आम्ही आयुष्यात बोललो नव्हतो एवढं बोललो. गणित करून झालं आणि मी ते पुन्हा केलं, कारण उत्तर मला नको होतं. उष्णता अडत होती ती पाण्यात नाही. ती अडत होती प्लास्टिकमध्येच. प्लास्टिक स्वतःच्या आतली उष्णता इतकी हळू सोडतं की ती पाण्यापर्यंत पोचेपर्यंत सगळा वेळ संपलेला असतो. पुढे पाणी कितीही चपळ असलं तरी त्याला करायला काम उरत नाही. गाळ्याला हवं होतं ते थंड पाणी, कारण पलीकडे गारवा जितका जास्त तितकी उष्णता आतून जास्त ओढली जाते. माझं पाणी थंड नव्हतं. ते फक्त चपळ होतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढं एकच वाक्य मला बाबांना सांगायचं होतं.

सकाळी चहाच्या वेळी मी ते सांगायला गेले, तर ते शेजारच्या काकांना सांगत होते की मुलगी गाळ्यात मशीन सुधारायला येणार आहे. स्टेशनला सोडायला स्कूटरवर नेलं तेव्हा मागून म्हटलं, "बाबा, ते जे पाणी आहे ना," तर हेल्मेटमधून त्यांना ऐकू गेलं नाही, आणि सिग्नलला त्यांनी मान वळवून "काय?" विचारलं तेव्हा मी "काही नाही" म्हटलं. मग मेसेज लिहिला, इंग्रजी अक्षरांत मराठी, जसं मी नेहमी लिहिते. वाचून बघितला. त्यात मी एखाद्या बँकेसारखी वाटत होते. पुसून टाकला.

दरम्यान बाबांनी दिवस ठरवला होता. दसरा. गाळ्यात दरवर्षी दसऱ्याला मशिनींची पूजा होते, आणि पूजेला शेठ स्वतः बसत नाही. बाबा आणि आईलाच बसवतो. त्याच्या वडिलांच्या वेळेपासून तसंच आहे. पूजा झाली की मुलीच्या पाण्याचा मुहूर्त करू, असं ठरलं.

आदल्या दिवशी मी कॉलेजातून कॅन घरी आणला. ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण पाण्यात घालून तासन्‌तास ध्वनिलहरींनी हलवलेलं ते मिश्रण दिसायला थेट दुधासारखं होतं. आईने ओट्यावर दुधाच्या पातेल्याशेजारीच जागा करून दिली. मग म्हणाली, देवापुढे प्लास्टिकचा कॅन बरा दिसेल का? बाबांनी शेजारच्या गाळ्यातून नवीकोरी स्टीलची कळशी आणलीच होती. तिच्यात पाणी ओतलं, आईने वर ताटली ठेवली.

माझ्या आईची एक पद्धत आहे. घरात नवीन काही आलं की त्याला हळदकुंकू आणि तीर्थ. मिक्सर आला तेव्हा, पाण्याचा फिल्टर बसवला तेव्हा, स्कूटर आली तेव्हा. माझ्या लॅपटॉपला तिने इतक्या प्रेमाने अक्षता वाहिल्या की एक तांदूळ बटणाखाली गेला आणि ते बटण अजून अर्धंच दाबलं जातं. हे मला माहीत होतं, म्हणूनच मी तिला बसवून समजावलं. या कणांवर सगळ्यांवर एकाच जातीची वीज असते, त्यामुळे ते एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत, आणि लांब राहतात म्हणूनच तरंगतात. बाहेरचं काही पडलं, मीठ, आंबट, साबण, की हे लांब राहणं संपतं. कण एकमेकांना चिकटतात, गोळे होतात, खाली बसतात. दूध फाटतं तसं. म्हणून यात काही पडू द्यायचं नाही.

"मला काय कळत नाही?" आई म्हणाली. "झाकून ठेवलंय ना."

तिने खरोखर रात्रभर त्याची राखण केली. मुंगी जाऊ नये म्हणून कळशी पाण्याच्या परातीत ठेवली. मला सकाळी परात बघून भरून आलं.

दसऱ्याला गाळा ओळखू येत नव्हता. मशिनी बंद होत्या, धुऊन पुसून त्यांना झेंडूचे हार घातले होते, पॅनेलवर कुंकवाचं स्वस्तिक. पॅकिंगच्या मावशी उत्तनहून सकाळच्या बसने नवीन साडी नेसून आल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "बाय, आज तुझाच दिवस हाय. मी तेव्हा मस्करी केली, न् बघ कुठं आलं." त्यांनी माझ्या केसांत गजरा माळला. मला गजरा आवडत नाही, पण मान कशी फिरवायची ते सुचलं नाही.

भटजींना त्याच इस्टेटमधले आणखी गाळे करायचे होते, त्यामुळे पूजा भरभर चालली. आई आणि बाबा पाटावर. समोर चौरंग, त्यावर देव, आणि चौरंगाच्या बाजूला ती कळशी, हार घातलेली. पंचामृताची वाटी आईच्या हाताशी. दूध, दही, तूप, मध, साखर. आईने पहाटे स्वतः केलेलं. भटजींनी अभिषेक सांगितला, आईने देवावर पळीने पंचामृत वाहिलं. मग नमस्कार सांगितला, सगळ्यांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत. मी कळशीकडेच बघत होते, म्हणून मला दिसलं. आईने ताटली बाजूला केली, ओठांत काहीतरी म्हटलं, आणि वाटीतलं पंचामृत पळीने कळशीत सोडलं. एक, दोन, तीन. ताटली परत झाकली आणि दोन्ही हात जोडून कपाळाला लावले.

तीर्थ हे तिच्या लेखी 'बाहेरचं' नव्हतंच.

भटजी निघाले आणि आरती सुरू झाली. ताटली बाबांनी काढून ठेवली, कारण आता सगळ्यांना पाणी दिसायला हवं होतं. गाळ्यातले लोक टाळ्या वाजवत होते, शेठ घंटा वाजवत होता, मावशींचा आवाज सगळ्यांच्या वर. मीही टाळ्या वाजवत होते. मी कळशीच्या तोंडाशी उभी होते, तिथून आत दिसत होतं. पहिल्या आरतीत काही झालं नाही. दुसऱ्या आरतीला पांढऱ्या रंगात बारीक रवा दिसायला लागला. मग त्याचे कण मोठे झाले, एकमेकांजवळ आले, आणि वरचा थर पातळ होऊ लागला. आमच्या प्रयोगशाळेत असं झालं की आम्ही फक्त तारीख घालून नोंद करतो. इथे आरती चालू होती. आरतीच्या मध्ये कोणाला थांबवत नाहीत. मी थांबवलं असतं तरी काय म्हणणार होते? बाबा डोळे मिटून गात होते. त्यांचा आवाज चांगला आहे हे मी विसरले होते. शेवटच्या आरतीपर्यंत कळशीतलं वरचं पाणी जवळजवळ स्वच्छ झालं आणि तळाशी पांढरा साका बसला.

मंत्रपुष्पांजली झाली. बाबांनी कळशी उचलली आणि कोपऱ्यातल्या जुन्या मशीनकडे गेले. तिच्या पाण्याची छोटी टाकी त्यांनी वेगळी केली होती, आतून घासून ठेवली होती. शेठने मोबाइल वर धरला. बाबा मला म्हणाले, ये, हात लाव. मी कळशीला दोन बोटं लावली.

आधी साधं पाणी पडलं. नळाचं असतं तसं. मग गोळे आले, थबक थबक, ताकातल्या चोथ्यासारखे. बाबांनी कळशी सरळ केली.

"दूध फाटलं वाटतं," मावशी हळूच म्हणाल्या.

शेठने मोबाइल खाली घेतला. बाबांनी आत वाकून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि मी आईकडे बघितलं नाही, अगदी ठरवून बघितलं नाही. पण बाबांना आमच्या घराची पद्धत माहीत आहे.

"यात कोणी काय टाकलं?"

"मी तीर्थ घातलं," आई म्हणाली. "तीनच पळ्या."

बाबा आईला चार माणसांत कधी बोलत नाहीत. घरातही फारसं नाही. "तुला तिने सांगितलं होतं ना?" ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता, म्हणून जास्त ऐकू आला. "पोरीने एवढं शिकून केलं, आणि तू त्यात दही ओतलंस?"

आईच्या हातात प्रसादाचं ताट होतं. शिऱ्याच्या मुदी करून ठेवलेल्या. तिने ते जरा स्वतःकडे ओढलं. "देवाचंच होतं," ती म्हणाली, पण कोणाला उद्देशून नाही. मावशींनी जमिनीकडे बघितलं. मागून कोणीतरी च्‌ च्‌ केलं, आणि ते च्‌ च्‌ कळशीसाठी नव्हतं.

शेठने मग सगळं सांभाळून घेतलं. मी म्हटलं ना, तो वाईट माणूस नाही. "भाभी, टेन्शन नका घेऊ. सणाच्या दिवशी असं चालतंच. बेटा, तू दुसरं बनव. टाइम घे. मी भावाला बोलतो, दिवाळीला ट्रक नको, थोडं पुढे बघू. एक ट्राय तर झाली पाहिजे ना, दादा?"

बाबांनी "हो हो" म्हटलं. दोनदा. त्यांच्या तोंडावर रंग परत येताना मला दिसला. त्यांनी आईकडे बघितलं, आणि आता त्यांचा राग उतरला होता. उलट जरा हसू होतं, की बघ, निस्तरलं. आता पुढची पंधरावीस वर्षं हा किस्सा कसा सांगितला जाईल तेही मला दिसलं. आमच्याकडे मशीन सुधारलीच होती, पण हिने त्यात पंचामृत ओतलं. लग्नाकार्यात, गावाला, ओटीवर बसून. आणि आई प्रत्येक वेळी शिऱ्याचं ताट असंच स्वतःकडे ओढून घेईल.

मी काही बोलले नसते तर सगळ्यांचं भागत होतं. ट्रक थांबत होता. बाबांना रोज सकाळी गाळ्यात यायला मिळत होतं, निदान काही आठवडे. मला नवं मिश्रण करायला वेळ मिळत होता, जे मी पुन्हा आणलं असतं, आणि तेही काही करू शकलं नसतं, आणि तेव्हा दोष द्यायला कोणीतरी दुसरं सापडलं असतं. आईने माझ्याकडे बघितलं. तिला माझं गणित माहीत नव्हतं, पण माझा चेहरा माहीत होता. तिने मान अगदी थोडी हलवली. राहू दे, अशी. माझ्यावर राहू दे.

मशिनी बंद होत्या. त्या गाळ्यात मी इतकी शांतता कधी ऐकली नव्हती. आतापर्यंत तिथे माझा आवाज कोणाला ऐकू गेला नाही तर मशिनींवर ढकलता यायचं.

बाबा माझ्या उत्तराची वाट बघत होते. किती दिवस लागतील, एवढंच सांगायचं होतं.

"आईमुळे नाही झालं," मी म्हटलं. "तीर्थ पडलं नसतं तरी झाकणाला तेवढाच वेळ लागला असता, बाबा. उष्णता पाण्यात अडत नाहीये, प्लास्टिकच तिला सोडत नाही. मी कितीही वेळा बनवून आणलं तरी माझ्या पाण्याने हे व्हायचं नाही."